काशीत नावेतून घाट बघायचेत : सकाळी की संध्याकाळी? (आई सोबत आहे)

कोथरूडची_पोर (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत आईला घेऊन काशीला जातेय. आई ७४ वर्षांची, गुडघे दुखतात पण उत्साह माझ्यापेक्षा जास्त. तिला विश्वनाथाचं दर्शन आणि नावेतून सगळे घाट बघायचेत, बाकी काही नाही मिळालं तरी चालेल म्हणतेय. नेटवर बघितलं तर डोकंच फिरलं. कुणी म्हणतं पहाटेच जा, कुणी म्हणतं संध्याकाळच्या आरतीला नावेतच बसा, कुणी म्हणतं क्रूझ घ्या, कुणी म्हणतं क्रूझ म्हणजे पाप. जाऊन आलेल्यांनी सांगा की नक्की काय करायचं, कुठून बसायचं आणि म्हाताऱ्या माणसाला नावेत चढता येतं का. भावाची घासाघीस मला अजिबात जमत नाही हेही सांगून ठेवते.

चहाबाज
पहाट. विषय संपला.

चहाबाज
बरं, कारण पण सांगतो. गंगा इथे उत्तरेकडे वळते आणि सगळे घाट पश्चिम काठावर, तोंड पूर्वेला. समोरच्या काठावर वस्ती नाही, नुसती वाळू. त्यामुळे सूर्य थेट पलीकडच्या वाळूमागून वर येतो आणि सगळा उजेड घाटांच्या अंगावर पडतो. संध्याकाळी सूर्य गावाच्या मागे जातो, घाट सावलीत, फोटो काळे. अस्सी घाटावर पहाटे आरती आणि गाणं-बजावणं असतं, 'सुबह-ए-बनारस' म्हणतात, ते बघून तिथूनच नाव पकडायची.

मुळामुठा
नाताळात पहाट?? अहो धुकं! डिसेंबरच्या शेवटी गंगेवर असं धुकं असतं की नावेच्या टोकाला बसलेला माणूस दिसत नाही. दाट असलं तर नावा सोडूच देत नाहीत. आम्ही पाचला उठून, कानटोप्या घालून घाटावर गेलो आणि नऊपर्यंत चहा पीत बसलो. सूर्य उगवला असेल, आम्हाला कुणी कळवलं नाही.

पेठकर_काका
मुळामुठा यांच्याशी सहमत. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा हट्ट धरू नये. साडेनऊ-दहाला धुकं विरतं, ऊन कोवळं असतं, वयस्कर माणसाला तेच बरं. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर मात्र पहाटेला पर्याय नाही. पावसाळ्यात तर विचारूच नका, पाणी चढलं की नावा बंद. वाराणसीला धोक्याची पातळी ७१.२६ मीटरची आहे, ती ओलांडली की घाट पाण्याखाली, संध्याकाळची आरती गच्चीवर किंवा गल्लीत आणि मणिकर्णिकेला चिता छतावर जळतात. आम्ही एकदा श्रावणात गेलो होतो, नदी बघितली, घाट एकही नाही.

नागपुरी_संत्रं
आरतीच्या वेळी नावेत बसायचा माझा अनुभव सांगतो. दशाश्वमेधासमोर शंभर नावा एकाला एक चिकटून उभ्या, ह्या नावेतून त्या नावेत चहावाला उड्या मारत येतो बावा, दिवेवाली येते, सेल्फीवाला येतो, आपण मात्र हलू शकत नाही. पुढच्या बजड्यावर, म्हणजे मोठ्या नावेवर, लोकं उभे राहिले की आपल्याले दिसते काय तर कुणाची तरी पाठ. घाटाच्या पायऱ्यांवर तास-दीड तास आधी जाऊन बसा नाहीतर काठावरच्या एखाद्या गच्चीवरून पाहा. आजी असल्या तर गच्चीच.

दूरदेशी_पंत
ॲमस्टरडॅमला असतो त्यामुळे बोटीतून शहर दाखवणं हा इथला रोजचा धंदा बघतो. काचेची बोट, कानात हेडफोन, पाहिजे त्या भाषेत कॉमेंटरी, तासाभरात सोडतात. ते सगळं छान आहे पण त्यात बोटवाल्याशी भांडता येत नाही. काशीत अर्धी मजा नाववाल्याच्या गप्पांत आहे, त्यातलं निम्मं खोटं असतं हे गृहीत धरून.

कोथरूडची_पोर
@मुळामुठा, मेले! म्हणजे तिकिटं काढून बसलेय मी. @पेठकर_काका धन्यवाद, दहाची कल्पना आवडली. पण मग कुठून कुठपर्यंत जायचं? एका ट्रॅव्हलवाल्याने 'अस्सी ते मणिकर्णिका अँड बॅक' असं पॅकेज दिलंय.

ब्रह्मघाटवाला
धागा वाचत होतो, आता बोलावंच लागेल. मी काशीचाच. घर ब्रह्माघाटाच्या गल्लीत, कितव्या पिढीपासून ते वडिलांनाही सांगता यायचं नाही. घरात मराठीच बोलतो, दारात पाय ठेवला की बनारसी. आमची मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे हसतात, हसू द्या.

ताई, ते पॅकेज घेऊ नका. सगळे नाववाले तुम्हाला मणिकर्णिकेवरून मागे फिरवतात, कारण टूरिस्टला चिता दाखवल्या की त्याचं समाधान होतं असं त्यांनी धरून ठेवलंय. आणि मराठी माणसाने जे बघायला हवं ते तर मणिकर्णिकेच्या पुढे सुरू होतं! शिंदे घाट लगेच पुढे. मग संकठा, भोसले घाट, मग राम घाट, जटार घाट, ग्वाल्हेर घाट, पंचगंगा, दुर्गा घाट, आमचा ब्रह्मा घाट. नावं वाचूनच कळेल कुणी बांधले. अस्सीपासून राजघाटापर्यंत अख्खा काठ सहा-सात किलोमीटरचा आहे, 'पूरा' म्हणून सांगा, 'राजघाट के पुल तक'. त्यात तो १८८७ सालचा रेल्वेचा पूलही बघून होतो, मालवीय पूल. खाली रेल्वे आणि वर रस्ता.

इंदूरी_जिलेबी
ब्रह्मघाटवाला, क्या बात है! पण मणिकर्णिकेच्या अलीकडेही मराठी आहेच की हो. अहिल्या घाट विसरलात? दशाश्वमेधाला अगदी लागून. मणिकर्णिका घाट पण मातोश्री अहिल्याबाईंनीच नीट बांधून काढला आणि आत्ताचं विश्वनाथाचं देऊळ १७८० चं, तेही त्यांचंच. वरचं सोनं तेवढं महाराजा रणजितसिंहांचं.

ब्रह्मघाटवाला
नाही हो, मातोश्रींना विसरलो तर घरात घेणार नाहीत. दशाश्वमेध घाट पक्का बांधला तो नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७४८ सांगतात, मग अहिल्याबाईंनी वाढवला. त्याच्या अलीकडे मुन्शी घाट, तो नागपूरकर भोसल्यांच्या दरबारातल्या श्रीधर नारायण मुन्शींचा. त्याला लागूनचा दरभंगा घाट, तिथला तो मोठा महाल आता हॉटेल झालाय. आणखी अलीकडे राजा घाट, अमृतराव पेशव्यांचा. राघोबादादांचे दत्तक चिरंजीव ते. इंग्रजांची पेन्शन घेऊन इकडे आले.

नागपुरी_संत्रं
बघा, नागपूरचं नाव आलं. भोसले घाट दिसतो कसा? बघितल्याचं आठवत नाही.

ब्रह्मघाटवाला
किल्ल्यासारखी उंच दगडी भिंत आणि मधे छोटी दारं, अगदी वर खिडक्या. पाण्यातूनच चांगला दिसतो, वर चढून गेलात तर भिंतीच्या आतच हरवता. आत लक्ष्मीनारायणाचं देऊळ आहे. तुम्ही मणिकर्णिकेवरून मागे फिरला असणार, म्हणून आठवत नाही.

नागपुरी_संत्रं
हाव. पैसे परत पाहिजेत मले.

वाचनमात्र
हे सगळं वाचून छाती फुगली वगैरे ठीक आहे पण जरा थांबा. धागा असाच चालला तर पानाच्या शेवटी गंगापण मराठ्यांनी आणली असं निघेल. इतिहासकार आळतेकरांनी बनारस हिंदू विद्यापीठात असताना आजची काशी ही मोठ्या प्रमाणात मराठ्यांची निर्मिती असं लिहिलंय, मान्य. पण मान महाल आमेरच्या मानसिंहाचा आणि त्यावरची वेधशाळा सवाई जयसिंहाची. ललिता घाटावरचं लाकडी देऊळ नेपाळच्या राजाचं. केदार घाटाची तांबडी-पांढरी पट्ट्यांची इमारत बघा, तिथे मठ दक्षिणेचा, भाविक दक्षिणेचे. दुर्गाकुंडाचं देऊळ नाटोरच्या राणी भवानीचं, म्हणजे बंगालचं. विजयनगरम्, राणा महाल म्हणजे उदयपूर, बुंदी... अख्ख्या हिंदुस्थानाने आपापलं एकेक दार गंगेवर उघडलंय. नाव घेतली की हेच बघायचं असतं. नुसतं 'आपलं' शोधत बसाल तर निम्मा काठ निघून जाईल.

ब्रह्मघाटवाला
वाचनमात्र यांचं बरोबर आहे. आमच्या गल्लीत असं बोललात तर वाद होईल पण बरोबर आहे. 😀 नाव वल्हवणारे निषाद मात्र कुणा राजाच्या आधीपासून इथे आहेत, त्यांच्या नावाचाही घाट आहे.

पेठकर_काका
चेतसिंह घाट कुणी सांगितला नाही अजून. अस्सीहून निघालं की थोड्या वेळात डावीकडे किल्ला दिसतो. १७८१ मध्ये वॉरन हेस्टिंग्ज पैसे उकळायला काशीत आला, राजा चेतसिंहाला त्याच्याच महालात नजरकैदेत ठेवलं, लोक खवळले, शिपायांची कत्तल झाली आणि राजा खिडकीतून पगड्यांची दोरी करून खाली नावेत उतरला. त्या गोंधळात हेस्टिंग्जला चुनारला पळावं लागलं. 'घोड़े पर हौदा, हाथी पर जीन' म्हणून त्याच्यावर केलेलं गाणं तिकडे अजून लोकांच्या तोंडात आहे. चेतसिंह पुढे महादजी शिंद्यांच्या आश्रयाला ग्वाल्हेरला गेला आणि तिकडेच राहिला. वाचनमात्र, हेही मराठ्यांत धरायचं की नाही?

वाचनमात्र
अर्धा गुण.

भटकभवानी
मला शिंदे घाटाचं सांगायचंय कारण तिथे नाव थांबवून बराच वेळ बघत बसले होते. बायजाबाई शिंद्यांनी १८३० साली बांधला, दौलतरावांच्या पत्नी, त्यांच्यामागे ग्वाल्हेरचा कारभार त्याच बघत होत्या. ज्ञानवापीच्या विहिरीवरचा खांबांचा मंडपही त्यांचाच. तर घाट इतका जड झाला की स्वतःच्या वजनाने खचला, दगड सरकले, पुन्हा बांधावा लागला. आणि शेजारीच ते रत्नेश्वर महादेवाचं देऊळ, पाण्यात उभं, चांगलंच कललेलं. वर्षातले बरेच महिने त्याचा गाभारा पाण्यात आणि गाळात असतो त्यामुळे पूजा अशी होतच नाही. नाववाल्याने गोष्ट सांगितली की कुणा सेवकाने आईच्या नावाने बांधलं आणि म्हणाला, 'आई, तुझं ऋण फेडलं'. तर देऊळ तिथल्या तिथे वाकलं. आईचं ऋण फिटत नसतं म्हणून.

@कोथरूडची_पोर, आईसमोर हे सांगू देऊ नका नाववाल्याला, मग परतीचं सगळं शॉपिंग तुमच्या खर्चाने.

इंदूरी_जिलेबी
आम्हाला दुसरी गोष्ट सांगितली, अहिल्याबाईंच्या रत्नाबाई नावाच्या दासीने बांधलं, तिने स्वतःचंच नाव दिलं म्हणून मातोश्रींनी शाप दिला. हे ऐकून माझी सासू नावेतच उभी राहिली भांडायला. आमच्या मातोश्री शाप देणाऱ्या नव्हत्या म्हणे, घाट बांधून द्यायच्या, नाव कुणाचं लावायचं ते लावा. नाव हलायला लागली, नाववाला घाबरला, मग त्याने गोष्ट बदलली आणि म्हणाला, 'नींव कच्ची थी माताजी.'

चहाबाज
नींव कच्ची हेच खरं असणार. शेजारचा अख्खा घाट खचलाय, मग शाप कशाला हवा?

भटकभवानी
चहाबाज, तुम्ही लग्नाच्या पंगतीत बसून कॅलरी मोजता का हो?

दूरदेशी_पंत
🤣 +१

मुळामुठा
अवांतर: हिवाळ्यात नावेभोवती पांढरे पक्षी जमतात, 'सायबेरियन पक्षी' म्हणून शेव विकतात टाकायला. कुरव आहेत ते, थंडीपुरते उत्तरेकडून येतात. शेव टाकू नका प्लीज. तळलेलं-खारवलेलं खाऊन त्यांचे हाल होतात. फोटो छान येतो हे मान्य, पण नको.

कोथरूडची_पोर
किती सुंदर माहिती! आईला वाचून दाखवतेय, ती चष्मा पुसतेय आणि म्हणतेय 'पंचगंगेचं विचार'. नाथांचं काहीतरी आहे म्हणे तिथे.

ब्रह्मघाटवाला
आईंना माझा नमस्कार सांगा, बरोबर विचारलं त्यांनी. नाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरची टीका पैठणला सुरू केली आणि पूर्ण केली काशीत, १५७३ मध्ये. प्राकृतात लिहितो म्हणून इथल्या पंडितांनी आधी हरकत घेतली आणि मग त्याच ग्रंथाची मिरवणूक काढली अशी कथा आहे. पंचगंगेच्याच पायऱ्यांवर पहाटे अंधारात कबीर पडून राहिले आणि रामानंदांचा पाय लागला, तीही गोष्ट इथलीच. वर जी मशीद दिसते ती औरंगजेबाच्या काळातली, बिंदुमाधवाचं जुनं देऊळ पाडलं त्या जागेवर. तिचे मिनार एकेकाळी काशीची खूण होते, लांबून नावेतून आधी तेच दिसायचे, आता ते राहिले नाहीत. आजचं बिंदुमाधव शेजारीच साध्या वाड्यासारख्या घरात आहे, औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधून दिलेलं. आणि घाटावर दगडी दीपमाळ आहे, हजारा म्हणतात, अहिल्याबाईंची. देवदिवाळीला, म्हणजे कार्तिकी पौर्णिमेला, आधी ती पेटते.

नावेतून हे सगळं एका नजरेत बसतं. चालत आलात तर गल्ल्यांतून शोधत फिराल, आणि पायऱ्या इतक्या उभ्या की आईंना जमायचं नाही. त्यांनी नावेतूनच हात जोडावेत.

पेठकर_काका
आणि झाशीची राणी. जन्म काशीतलाच, नाव म्हणून मणिकर्णिका. वडील मोरोपंत तांबे चिमाजीअप्पांच्या पदरी होते, दुसऱ्या बाजीरावांचे भाऊ ते, पहिल्या बाजीरावांचे भाऊ चिमाजीअप्पा ते वेगळे, लोक नेहमी गोंधळ करतात. अस्सीजवळ भदैनीला स्मारक आहे. ते नावेतून दिसत नाही, रिक्षाने जा.

लाईनीत_उभा
सगळं वाचलं. मूळ प्रश्न होता म्हातारीला नावेत कसं चढवायचं. कुणी सांगितलं का? 🙄

नागपुरी_संत्रं
लाईनीत_उभा यांना माझ्यातर्फे एक कचोरी.

अंजनवेल
मी सांगते. सासऱ्यांना घेऊन गेले होते, त्यांचे दोन्ही गुडघे बदललेले. अडचण नावेत नाही, घाटावर आहे. पायऱ्या उंच आणि असमान, कठडा नाही, खालच्या दोन-तीन ओल्या आणि शेवाळलेल्या. दशाश्वमेधाला गर्दीत तर नकोच. अस्सीला पायऱ्या कमी आहेत पण पाणी खाली गेलं की चिखल तुडवावा लागतो, त्यावर फळ्या टाकलेल्या असतात. आम्हाला सोयीचा पडला तो दुसऱ्या टोकाचा नमो घाट, जुना खिडकिया घाट, जिथे ते जोडलेल्या हातांचे मोठे पुतळे आहेत. तिथे गाडी जवळपर्यंत जाते, रॅम्प आहे. त्याच्या जवळच नावांसाठीचं तरंगतं सीएनजी स्टेशन आहे, आता बऱ्याच नावा सीएनजीवर झाल्यात त्यामुळे पूर्वीसारखा डिझेलचा धूर आणि टरटराट कमी.

मग उलटं करायचं. नमो घाटाहून अस्सीकडे. प्रवाहाविरुद्ध जातं म्हणून वेळ जास्त लागतो, मोटरची नाव घ्या, वल्ह्याची नको, तो बिचारा अर्ध्यात दमेल आणि तुम्हाला मणिकर्णिकेला सोडेल. उलटं गेल्याने पंचगंगा, भोसले, शिंदे घाट आधीच बघून होतात, त्यामुळे मागे फिरवायचा प्रश्नच उरत नाही. घाट तुमच्या उजव्या हाताला येतील, आईंना त्या बाजूच्या बाकावर बसवा. खाली वाकून चढायची होडी असेल तर नको म्हणा, बाक आणि वर छत असलेली बघा. लाईफ जॅकेट मागून घ्या, देतील पण आपणहून नाही देणार.

भटकभवानी
अंजनवेल, हे आधी कुठे होतात तुम्ही!

अंजनवेल
कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायच्या होत्या.

कोथरूडची_पोर
अंजनवेल, देवासारख्या आलात. क्रूझचं काय? भाऊ म्हणतोय क्रूझच घे, टॉयलेट असतं.

पेठकर_काका
टॉयलेटचा मुद्दा या वयात हसण्यावारी नेऊ नये. अलकनंदा नावाची दुमजली क्रूझ २०१८ पासून आहे, नंतर आणखीही आल्या. खुर्ची, संडास, माईकवरून माहिती. पण ती काठापासून लांबून जाते आणि मधे थांबवा म्हणता येत नाही. आईंना हात जोडायला थांबायचं असेल तर नाव. नाही तर क्रूझ. नावेत बसण्याआधी हॉटेलवर सगळं उरकून निघा आणि चहा परतल्यावर.

चहाबाज
शेवटच्या तीन शब्दांचा निषेध.

ब्रह्मघाटवाला
भावाचं सांगतो. तासाचा दर की फेरीचा, पूर्ण नाव तुमची की माणशी, आणि कुठून कुठपर्यंत, हे तीन आधी बोलून घ्या. सरकारी दराचा फलक असतो काही घाटांवर, त्याकडे बोट दाखवलं की निम्मं काम होतं. हॉटेलवाल्याकडून नाव ठरवली तर त्याचं कमिशन त्यात आलं. आणि मणिकर्णिकेसमोर आलात की फोन खाली ठेवा. कुणाच्या घरचं माणूस असतं तिथे. 'लकड़ी के लिए दान' म्हणून कुणी मागे लागला तर नम्रपणे नाही म्हणा.

वाचनमात्र
फोन खाली ठेवण्यावर +१००. मागच्या वेळी आमच्या शेजारच्या नावेतला एक जण चितेकडे पाठ करून रील बनवत होता, नाववाल्यानेच त्याला झापला.

इंदूरी_जिलेबी
विश्वनाथाला आता गंगेच्या बाजूने, ललिता घाटाकडून, गंगाद्वारातूनही जाता येतं, डिसेंबर २०२१ ला तो नवीन परिसर उघडला तेव्हापासून. तरुण लोक नाव लावून थेट जातात. पण त्या पायऱ्या काही कमी नाहीत, आईंना गोदौलिया चौकाच्या बाजूने न्या. आत आवारात अहिल्याबाईंचा पुतळा आहे, माझा नमस्कार सांगा.

कोथरूडची_पोर
ठरलं. नमो घाटाहून दहाला, मोटरची नाव, छत आणि बाक, अस्सीपर्यंत पूर्ण. आरती गच्चीवरून. धुकं असलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. आई विचारतेय ब्रह्मघाटवाल्यांकडे पोहे मिळतील का. (मी नाही विचारलं, तिने विचारलं.)

ब्रह्मघाटवाला
पोहे मिळतील पण त्यात मटार असणार आणि गरम मसाला असणार. बनारसला त्याला चूडा-मटर म्हणतात. कांदेपोहे म्हणून नाक मुरडायचं नाही. आणि थंडीत मलइयो मिळतं, दुधाचा फेस, सकाळी लवकर, दहानंतर विरघळून जातं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

नागपुरी_संत्रं
आम्हाले पण व्यनि करा ना.

गोंधळी
धागा वर काढतोय. मार्चमध्ये जातोय, रामनगरचा किल्ला पण करायचाय, तो पलीकडच्या काठावर आहे ना? त्यासाठी हीच नाव वाढवून घ्यायची की वेगळी?

अंजनवेल
पलीकडे आणि अस्सीच्याही वरच्या अंगाला. पूल झालाय, रिक्षाने लवकर पोचाल. नावेचा हट्ट असेल तर अस्सीहून वेगळी ठरवा आणि उन्हाचं बघा, मार्चच्या दुपारी नदीवर डोकं तापतं.